हातांचे व्यायाम आणि आपले आरोग्य

(सुवर्ण महोत्सवी वर्षातील चातुर्मासात आपल्या ट्रस्टने आयोजित केलेल्या आरोग्य व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर. वक्ते हिंगणघाट येथील कापड व्यापारी व ट्रस्टचे माजी चिटणीस आहेत.)



महोत्सव समितीने मला विषय दिला आहे तो 'हातांच्या सोप्या व्यायामांतून शरीराच्या अवयवांचे आरोग्य' असा. मी डॉक्टर नाही, वैद्य नाही. नागपूर विद्यापीठाचा वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे आणि उभे आयुष्य कापडाच्या गादीवर गेले. मग या विषयावर मीच का बोलावे, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. त्याचे उत्तर येथील जुन्या मंडळींना ठाऊक आहे. २००३ साली याच सभागृहात अ‍ॅक्युप्रेशरचे सात दिवसांचे शिबिर झाले होते, आणि त्याचा संयोजक मी होतो. पहाटे सहाला शंभरावर माणसे सतरंज्यांवर बसत. प्रत्येकाच्या हाती लाकडी रोलर, काटेरी चकती. शिबिर संपल्यावर तळहाताचा एक मोठा रंगीत तक्ता मी स्वतः जिन्याजवळच्या भिंतीवर लावला. अंगठ्याखाली अमुक, मधल्या बोटाच्या मुळाशी तमुक, तळव्याच्या मध्यभागी मूत्रपिंड, असे त्यावर दाखविले होते. तो तक्ता पुढे कित्येक वर्षे तेथे होता. येता-जाता लोक त्यात पाहून हात दाबीत. ज्याने तो लावला त्यानेच त्याचा हिशेब द्यावा, हे न्यायाला धरून आहे.

ती पद्धती आपल्या समाजाला इतकी का भावली, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. औषधात कोणत्या जीवाचा अंश आहे, कॅप्सूलचे वेष्टण कशाचे आहे, ही शंका आपल्या घरांत नेहमीच असते. हाताच्या व्यायामात ती शंका नाही. उपवास असो, अठाई असो, सूर्यास्तानंतर चौविहार असो, तोंडात काहीही न घालता करता येणारा हा उपाय आहे. पैसा लागत नाही, प्रवासात करता येतो, वृद्धांना बसल्या जागी जमतो. हे सर्व गुण खरेच आहेत आणि आजही मी ते मान्य करतो. त्या शिबिराची मला लाज वाटत नाही. परंतु त्या तक्त्याने आमच्या घरी काय घडविले तेही मला सांगायचे आहे. ते क्रमाने सांगेन.

ही विद्या चीनची, असे आपण म्हणतो. महाराष्ट्राचा आणि चीनच्या वैद्यकाचा संबंध म्हटला की सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. १९३८ साली जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनला मदत म्हणून काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक पाठविले. डॉ. अटल हे प्रमुख, त्यांच्यासोबत डॉ. कोटणीस, डॉ. बसू, डॉ. मुखर्जी आणि आपल्या नागपूरचे डॉ. चोळकर. डॉ. चोळकरांचे नाव आपल्या विदर्भातही आता फारसे कोणी घेत नाही, म्हणून मुद्दाम सांगतो. कोटणीस ९ डिसेंबर १९४२ रोजी तेथेच निवर्तले, वय अवघे बत्तीस. व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये त्यांच्यावर चित्रपट काढला. या पाचही डॉक्टरांनी तेथे चिनी उपचार केले नाहीत, ते शस्त्रक्रिया करीत होते. मात्र त्यांच्यातील डॉ. बिजयकुमार बसू स्वातंत्र्यानंतर पुन्हा चीनला गेले, अ‍ॅक्युपंक्चर शिकले आणि कलकत्त्यात परतून त्यांनी ते इथल्या रुग्णांसाठी वापरण्यास सुरुवात केली. सुया टोचण्याच्या या पद्धतीसाठी महाराष्ट्राने तर २०१५ चा स्वतंत्र अधिनियमच केला. सुईऐवजी बोटाने दाब देणे म्हणजे अ‍ॅक्युप्रेशर. ते घरोघरी पोहोचले ते पुस्तकांतून आणि शिबिरांतून.

आता मुद्द्याची गोष्ट. चिनी वैद्यकाप्रमाणे शरीरात प्राणशक्तीच्या बारा मुख्य वाहिन्या आहेत. त्या शक्तीला ते 'ची' म्हणतात. या बारांपैकी फक्त सहा हातांतून जातात. फुप्फुसाची वाहिनी अंगठ्यापाशी संपते. मोठ्या आतड्याची तर्जनीपासून निघते. मधल्या बोटाशी हृदयावरणाची वाहिनी येते. अनामिकेपासून एक वाहिनी निघते ती छाती, पोट आणि ओटीपोट या तिन्ही भागांचा मेळ राखणारी मानतात. करंगळीपाशी दोन आहेत, हृदयाची आणि लहान आतड्याची. उरलेल्या सहा पायांतून जातात, त्यांत जठर, यकृत, प्लीहा, मूत्राशय, पित्ताशय आणि मूत्रपिंड आले. मूत्रपिंडाची वाहिनी तर तळपायापासून सुरू होते.

मग आपल्या तक्त्यावर तळहाताच्या मध्यभागी मूत्रपिंड कोठून आले? मी बऱ्याच उशिरा शोध घेतला, तेव्हा कळले की त्याचा उगम चीनमध्ये नाही, अमेरिकेत आहे. विल्यम फिट्झगेराल्ड नावाच्या कान-नाक-घसा तज्ज्ञाने शरीराचे दहा उभे पट्टे कल्पिले, दहा बोटांत संपणारे. त्यांचे पुस्तक १९१७ सालचे. पुढे १९३० च्या दशकात युनिस इंगहॅम या बाईंनी तळपायावर आणि हातावर एकेका अवयवाची जागा ठरवून नकाशे काढले. ते नकाशे आणि चिनी बिंदू यांची आपल्याकडे खिचडी झाली आणि सगळ्यालाच 'प्राचीन चिनी' हे लेबल लागले. आमच्या धंद्यात यंत्रमागाच्या कापडावर हातमागाचा शिक्का मारणारे असतात. त्यातलाच हा प्रकार, फक्त येथे कोणी जाणूनबुजून मारला नव्हता. आणि मीही थान उलगडून न पाहताच माल घेतला.

खरी चिनी परंपरा पाहावी तर ती वेगळीच दिसते, आणि मला वैयक्तिक आनंद असा की ती कापडावर सापडली. हुनान प्रांतात चांग्शा शहराजवळ मावांगदुई येथे १९७३-७४ च्या उत्खननात एक कबर उघडण्यात आली. ती ख्रिस्तपूर्व १६८ मधली. तिच्यात एका रेशमी वस्त्रावर व्यायाम करणाऱ्या माणसांची चित्रे होती. वस्त्राचे तुकडे झालेले होते, ते जुळवून चित्र पुन्हा उभे केले गेले. चार ओळी, एकेका ओळीत अकरा, अशा चव्वेचाळीस आकृती. स्त्रिया आहेत, पुरुष आहेत, तरुण आहेत, म्हातारे आहेत. कोणी हात आकाशाकडे ताणले आहेत, कोणी वाकले आहे, कोणी पक्ष्यासारखे हात पसरले आहेत. काही आकृतींशेजारी दुखण्यांची नावे लिहिलेली आहेत. अवयवांची बटणे असलेला तळहात मात्र त्यात कोठेही नाही. सगळे शरीर हलते आहे.

त्याच परंपरेत पुढे, सुमारे नऊशे वर्षांपूर्वीच्या सोंग राजवटीत, 'बादुआनजिन' नावाची व्यायामाची मालिका रूढ झाली. 'बा' म्हणजे आठ, 'दुआन' म्हणजे तुकडे किंवा भाग, आणि 'जिन' म्हणजे किनखाप, रेशमी जरीचे वस्त्र. किनखापाचे आठ तुकडे! हे नाव प्रथम वाचले तेव्हा मी दुकानात एकटाच हसलो. या आठ हालचालींपैकी बहुतेक हातांच्या आहेत आणि अनेकींशी एकेका अवयवाचे नाव जोडलेले आहे. आज आपण त्यातल्या तीन करणार आहोत. ज्यांना उभे राहता येत नाही त्यांनी खुर्चीवरच कराव्यात.

प्रथम दोन्ही तळहात एकमेकांवर घासा. साधारण तीस वेळा, कोमट होईपर्यंत. ते मिटलेल्या डोळ्यांवर हलकेच ठेवा, दाबू नका. आता उजव्या हाताच्या अंगठा-तर्जनीत डाव्या हाताचे एकेक बोट धरून मुळापासून टोकापर्यंत पिळल्यासारखे चोळत न्या. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, प्रत्येक बोट तीन वेळा. चिनी मतानुसार यात त्या सहाही वाहिन्या जाग्या होतात. ते मत बाजूला ठेवले तरी, सकाळी आखडलेली बोटे यानंतर मोकळी होतात हा माझा रोजचा अनुभव आहे. गज आणि कात्री चाळीस वर्षे चालविलेल्या हाताला ते कळते.

आता पहिला किनखाप. दोन्ही हातांची बोटे पोटासमोर एकमेकांत गुंफा, हात वर न्या आणि डोक्यावर तळवे आकाशाकडे फिरवा. श्वास घेत वर, सोडत खाली. हा तिन्ही भागांचा मेळ राखणारा मानतात. दुसरा, एक तळवा वर आकाशाकडे आणि दुसरा खाली जमिनीकडे, दोन्हीकडून ताण, मग हात बदला. हा प्लीहा आणि जठर यांच्यासाठी सांगितलेला आहे. तिसरा, गुडघे किंचित वाकवून मुठी कमरेशी घट्ट आवळा, डोळे मोठे करून समोर पाहा आणि एकेक मूठ सावकाश पुढे न्या. यात श्वास रोखू नये. श्वास रोखून मूठ आवळली की रक्तदाब क्षणभर बराच चढतो, म्हणून रक्तदाबाच्या मंडळींनी विशेष जपावे. प्रत्येक हालचाल आठ वेळा. सर्व मिळून दहा मिनिटेही लागत नाहीत. सामायिकाच्या अठ्ठेचाळीस मिनिटांनंतर पाय आणि पाठ आखडलेली असते, तेव्हा हे फार चांगले वाटते. सामायिक चालू असताना मात्र करू नये, हे वेगळे सांगायला नकोच.

दाबाचे तीन बिंदू सांगतो, जे खरोखर चिनी परंपरेतले आहेत. अंगठा आणि तर्जनी यांच्या मधल्या मांसल भागात 'हेगू' नावाचा बिंदू आहे, तो डोकेदुखी आणि दातदुखीसाठी दाबतात. गर्भवती भगिनींनी तो दाबू नये, असा त्या परंपरेचाच दंडक आहे. मनगटाच्या घडीवर करंगळीच्या बाजूला 'शेनमेन', झोप न येणाऱ्यांसाठी. तिसरा 'नेइगुआन'. मनगटाच्या घडीपासून आपलीच तीन बोटे वर मोजा, तेथे दोरीसारख्या दोन कंडरा हाताला लागतात, त्यांच्या मधोमध. मळमळ, उलटी, गाडी लागणे यासाठी हा बिंदू प्रसिद्ध आहे. यात्रेच्या बसमध्ये आपल्या भगिनींनी याचा अनुभव घ्यायला हरकत नाही. शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळीवर या बिंदूचा उपयोग होतो काय, याची तपासणी अनेक देशांतील डॉक्टरांनी केली. २०१५ मध्ये अशा एकोणसाठ चाचण्या एकत्र तपासण्यात आल्या, तेव्हा खोट्या दाबापेक्षा खऱ्या दाबाने मळमळ कमी झाली, असा निष्कर्ष निघाला. चाचण्यांचा दर्जा फार उंचीचा नव्हता, हेही त्यांनीच नमूद केले. माझ्या वाचनात आलेल्या बिंदूंपैकी सर्वांत भक्कम पुरावा याच्या पाठीशी आहे. त्यातही लक्षात घ्या, मळमळ कमी झाली. कोणाचे जठर बरे झाले असे कोणी म्हटलेले नाही.

आपल्याकडे काय आहे, हेही पाहू. नवकारवाळी जवळ नसेल तेव्हा आपण बोटांच्या पेरांवर जाप करतो. उजव्या हातावर नंद्यावर्ताने बारा, डाव्या हातावर शंखावर्ताने नऊ आवर्तने, बारा नवे एकशे आठ. यात अंगठ्याचे टोक एकेका पेराला क्रमाने स्पर्श करीत फिरते. हाताच्या दुखापतीनंतर फिजिओथेरपिस्ट जो व्यायाम देतात, अंगठा प्रत्येक बोटाला लावण्याचा, तो याहून फारसा वेगळा नाही. जाप आरोग्यासाठी करायचा नसतो, तो कर्मनिर्जरेसाठी आहे. पण आमच्या मातोश्री वयाच्या शहाऐंशीव्या वर्षीही सुईत दोरा ओवीत असत, आणि त्यात या जापाचा काही वाटा असावा असे मला वाटत आले आहे. अर्थात हे मुलाचे मत समजा.

तर मग हात आणि अवयव यांचा संबंध नाहीच का? आहे, आणि तो त्या तक्त्यापेक्षा अधिक गंभीर आहे. २०१५ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात सतरा देशांतील सुमारे एक लाख चाळीस हजार माणसांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आपला भारतही त्यात होता. प्रत्येकाच्या मुठीची पकड यंत्रावर मोजली आणि सरासरी चार वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवले. पकड पाच किलोने कमी असली की त्या काळात मृत्यूचा धोका सुमारे सोळा टक्क्यांनी अधिक आढळला. याचा अर्थ स्प्रिंगची मूठ दाबत बसल्याने आयुष्य वाढते असा नव्हे. मूठ सैल पडते तेव्हा आतही काही सैल पडत असते, असा आहे. मुठीच्या व्यायामाने रक्तदाब थोडा उतरू शकतो, असे मात्र स्वतंत्र प्रयोगांत दिसले आहे. ताकदीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याने दोन मिनिटे पकड धरायची, सोडायची, असे चार वेळा, आठवड्यातून तीन दिवस. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१३ साली, औषधाच्या जोडीला करून पाहण्यास हरकत नाही, इतपत त्याला मान्यता दिली. जोडीला, हा शब्द लक्षात ठेवावा.

डॉक्टर नाडी पाहण्याच्या निमित्ताने हात हातात घेतात तेव्हा ते बरेच काही वाचत असतात. नखे पांढुरकी असली तर रक्त कमी आहे काय, नखे पोपटाच्या चोचीसारखी फुगीर झाली तर फुप्फुसात काही आहे काय, हात थरथरतो तो कशाने. हात हा आरसा आहे. आम्ही त्याला विजेच्या बटणांचा फलक समजलो.

आता घरची गोष्ट सांगतो.

माझे थोरले बंधू, ज्यांना आम्ही सर्व भाईजी म्हणत असू, त्यांना वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी मधुमेह निघाला. गोळ्या सुरू होत्या. २००३ च्या शिबिरात ते पहिल्या रांगेत बसत. माझ्यावर त्यांचा विश्वास, आणि मी लावलेल्या तक्त्यावर त्याहून अधिक. पेनाच्या टोपणाने ते सकाळ-संध्याकाळ स्वादुपिंडाचा आणि मूत्रपिंडाचा बिंदू दाबीत. दुकानात गिऱ्हाईक नसले की हातात ते टोपण असेच. वर्षभराने त्यांनी चौविहाराचा नियम घेतला. संध्याकाळची गोळी जेवणानंतर असे. ती सूर्यास्तापूर्वी बसवून घेण्याऐवजी त्यांनी ती सोडूनच दिली, कारण बिंदू दाबणे चालू होतेच. मला त्यांनी हे सांगितले होते. मी म्हणालो, भाईजी, बरे वाटत असेल तर काय हरकत आहे. हे वाक्य माझे आहे. ते मी कोणावर ढकलू शकत नाही.

त्या काळात मी एक गोष्ट रोज पाहत होतो आणि तिचा अर्थ मला कळत नव्हता. महाराजसाहेबांना वंदना करताना भाईजींचे हात नीट जुळत नसत. तळवे टेकत, पण बोटे एकमेकांना पूर्ण लागत नसत, मध्ये फट राही. वहिनीही थट्टेने म्हणत की यांचा नमस्कार अर्धा. आम्ही म्हणायचो, वय झाले, आयुष्यभर थान ओढले, बोटे वाकली. २००९ च्या पावसाळ्यात त्यांच्या पायांवर सूज आली. ज्या डॉक्टरांकडे नेले त्यांनी इतर काही विचारण्यापूर्वी सांगितले, जरा हात जोडा पाहू. भाईजींना वाटले की डॉक्टर नमस्काराची अपेक्षा करतात, त्यांनी वाकून नमस्कार केला. डॉक्टरांनी हात तसेच धरून फटीतून खिडकीकडे पाहिले आणि मला विचारले, हे असे किती वर्षांपासून आहे?

डॉक्टर मंडळी याला नमस्काराची खूणच म्हणतात. रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की ती त्वचेतील आणि कंडरांतील तंतूंना चिकटते, ते तंतू ताठर होतात आणि बोटांचे सांधे पूर्ण सरळ होत नाहीत. ज्या वर्षांत हाताचे हे होते, त्याच वर्षांत डोळ्यांतील आणि मूत्रपिंडातील केसाएवढ्या रक्तवाहिन्याही बिघडत असण्याचा संभव असतो. भाईजींच्या मूत्रपिंडांचे काम तोवर बरेच थांबले होते. पाच वर्षांत त्यांनी लघवीची तपासणी केलेली नव्हती. पुढे आठवड्यातून दोनदा डायलिसिस. २०१२ मध्ये ते गेले. शेवटच्या महिन्यांत ते टोपण त्यांच्या उशीखाली असे, मी काढून घेऊ शकलो नाही. त्यांनी मला कधी दोष दिला नाही. गोळ्या नियमित घेतल्या असत्या तर मूत्रपिंडे वाचलीच असती, असेही डॉक्टर छातीठोक सांगत नाहीत. पण तपासणी वेळेवर झाली असती, एवढे निश्चित. मूत्रपिंड तळहाताच्या मध्यभागी आहे असे समजून ते दाबीत राहिले, आणि मूत्रपिंडाची बातमी हात रोज वंदनेच्या वेळी देत होता.

त्यांच्या तेराव्यानंतर मी येथे येऊन तो तक्ता भिंतीवरून उतरविला. काही जणांनी विचारले, तक्ता कोठे गेला? मी सांगितले, फाटला होता. तो फाटलेला नव्हता. आज खरे सांगतो आहे.

महात्मा गांधी निसर्गोपचाराचे केवढे मोठे पुरस्कर्ते, हे आपल्या वर्धा जिल्ह्याला सांगण्याची आवश्यकता नाही. सेवाग्रामात कुष्ठरोगी परचुरे शास्त्रींना ते स्वतःच्या हातांनी मालिश करीत. पण १९२४ च्या जानेवारीत अपेंडिक्सचे दुखणे उद्भवले तेव्हा पुण्याच्या ससून रुग्णालयात त्यांनी शस्त्रक्रिया करवून घेतली. त्यांच्याच सेवाग्रामात १९६९ साली डॉ. सुशीला नय्यर यांनी वैद्यकीय महाविद्यालय उभे केले. माझ्या पिढीने गांधीजींची मालिश लक्षात ठेवली आणि ससूनचे टेबल विसरली, असे कधी कधी वाटते.

व्यवहाराच्या दोन-तीन बाबी. चौविहार करणाऱ्या मधुमेही आणि रक्तदाबाच्या मंडळींनी नियम सोडण्याची गरज नाही आणि गोळी सोडण्याचीही नाही. दिवसातून एकदाच घ्यायची किंवा सूर्यास्तापूर्वी घ्यायची अशी योजना पुष्कळदा करता येते, फक्त डॉक्टरांना आपला नियम मोकळेपणाने सांगावा लागतो. आपण संकोचतो, ते विचारत नाहीत, आणि गोळी परस्पर बंद होते. अठाई किंवा मोठ्या तपाचे पच्चक्खाण घेण्यापूर्वी तर इन्सुलिन अथवा साखरेची गोळी घेणाऱ्यांनी अवश्य भेटावे, कारण उपाशीपोटी साखर एकाएकी उतरणे हे चढण्यापेक्षाही धोक्याचे असते. दुसरे, मोबाइलवर अधूनमधून एक संदेश फिरत असतो की हृदयविकाराच्या झटक्यात करंगळीचे टोक दाबा. कृपा करून असे करू नका. छातीत दडपण, डावा हात किंवा जबडा दुखणे, घाम फुटणे यांपैकी काही झाले तर १०८ क्रमांकावर फोन करावा आणि सेवाग्राम किंवा सावंगी, जेथे लवकर पोहोचता येईल तेथे जावे. करंगळी नंतर कितीही दाबता येईल.

दर रविवारी सामायिकानंतर पंधरा मिनिटे हे व्यायाम घेण्याचे मी ट्रस्टला कबूल केले आहे. तळहाताचा तक्ता पुन्हा लागणार नाही. त्या जागी किनखापाच्या आठ हालचालींची चित्रे लावावीत असा माझा प्रस्ताव आहे, विश्वस्तांनी तो विचारात घ्यावा.

आणि आता सर्वांनी कृपया हात जोडावेत. नमस्कारासारखे, कोपरे आडवी करून, तळवे आणि बोटे एकमेकांना जितकी टेकतील तितकी टेकवून. आपल्या शेजारी बसलेल्याने ते हात खिडकीच्या उजेडाकडे धरून पाहावेत. फट दिसली म्हणजे मधुमेहच आहे असे नाही. संधिवात असेल, जुनी दुखापत असेल, तळव्याची कातडी आखडलेली असेल. पण ज्यांच्या बोटांमधून उजेड येतो आहे त्यांनी, आणि ज्यांना मधुमेह आहे अशा सर्वांनीच, बाहेर दाराशी टेबल मांडले आहे तेथे नाव नोंदवावे. रक्तातील साखर आणि लघवीतील प्रथिने यांची तपासणी उद्या सकाळी साडेसात ते नऊ या वेळेत येथेच आहे. रक्त उपाशीपोटी द्यायचे असल्याने नवकारशी पाळून येणाऱ्यांना ही वेळ सोयीची पडेल.

जय जिनेंद्र.